रुळांचें माप आणि नकाशांचे परवाने

कुर्डुवाडीच्या स्टेशनांत एके काळीं एक देखावा नित्य दिसे. लातूरहून तूर, करडई, कापूस भरून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येथें येऊन थांबे आणि मुंबईस जावयाच्या मालाची वाट येथें तुटे. लातूरकडच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, आणि मुंबईहून मद्रासेकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गाचें साडेपांच फूट. एका मार्गाची वाघीण दुसऱ्या मार्गावर चढणें शक्य नव्हतें. म्हणून पोतें न् पोतें हमालाच्या पाठीवरून एका वाघिणींतून दुसऱ्या वाघिणींत जाई. ही लहान गाडी १८९७ सालीं बार्शीस आली आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. नांदेडला विसाव्या शतकाच्या आरंभास आगगाडी आली ती मीटरगेज, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित् अधिक मापाची. दोन्ही गांवें त्या वेळीं एकाच निजामी राज्यांतलीं, एकमेकांपासून दीडशें किलोमीटरांच्या आंतलीं. परंतु त्यांचे रूळ एकमेकांशींही जुळत नव्हते आणि मुंबईच्या रुळांशींही जुळत नव्हते.

२०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातूर शहराचा मुख्य आधार जो धनेगांवचा मांजरा प्रकल्प तो कोरडा पडला. ११ एप्रिल रोजीं मिरजेहून कृष्णेच्या पाण्यानें भरलेली आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे लातुरास पोंचली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या पंचवीस लक्ष लिटर आणूं लागल्या. त्या गाडीचीं छायाचित्रें देशभर छापलीं गेलीं. तिच्या खालचे रूळ मात्र फारसे कोणीं पाहिले नाहींत. त्या वाघिणी राजस्थानांतील कोटा येथील कारखान्यांत धुऊन आणलेल्या, देशांत कोठेंही फिरणाऱ्या ब्रॉडगेजच्या होत्या. मिरजेपासून लातूरपर्यंतचा मार्ग त्यापूर्वींच टप्प्याटप्प्यानें रुंद झाला नसता, तर जुन्या अडीच फुटी रुळांवर त्यांचें चाकच चढलें नसतें.

नकाशे आणि भौगोलिक माहिती यांच्या परवान्यांचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटतो. तो वकिलांनीं पाहावा, सामान्य गृहस्थास त्याचें काय, असें कोणीही म्हणेल. परंतु हा प्रश्न मूलतः कुर्डुवाडीच्या फलाटावरचाच आहे. माल तयार आहे, घेणारा तयार आहे, आणि मध्यें रुळांचें माप जुळत नाहीं.

नकाशा म्हटला कीं अद्यापही भिंतीवर टांगलेला कागद डोळ्यांपुढें उभा राहतो. संगणकाच्या युगांत त्याचें रूप पालटलें आहे. गांवाची शीव, नदीचें पात्र, विहिरीची जागा आणि तिच्यांतील पाण्याची पातळी, रस्ता, शाळा, मातीचा प्रकार, पावसाचा आंकडा, अशा प्रत्येक गोष्टीस अक्षांश-रेखांश जोडले म्हणजे ती भौगोलिक माहिती झाली. अशा माहितीचे पारदर्शक थर एकमेकांवर ठेवतां येतात. विहिरींच्या थराखालीं खडकाचा थर ठेवला, त्यावर पावसाचा ठेवला, म्हणजे कोणत्या गांवाची विहीर आधीं आटणार याचा अदमास बसूं लागतो. हा सारा उपयोग थर एकत्र येण्यांत आहे. एकटा थर हा एकट्या रुळासारखा होय.

आतां मांजरा नदीचें उदाहरण घ्यावें. ती बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, लातूर जिल्ह्यांतून वाहते, कर्नाटकांतील बिदरकडे जाते, तेलंगणांत शिरते, तेथें उत्तरेस वळून निजामसागराच्या जलाशयांत विसावते, मग नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीस मिळते. लातूर आणि नांदेड यांना जोडणारा हा ओला धागा १९५६ पर्यंत सबंध हैदराबाद राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली आणि एकाच नदीचीं दप्तरें तीन राज्यांत वांटलीं गेलीं. नदीस त्याची वार्ताही नाहीं.

समजा, लातूरच्या एखाद्या महाविद्यालयांतील अध्यापकानें आपल्या विद्यार्थ्यांसह ह्या खोऱ्याचा पाण्याचा नकाशा करावयाचें ठरविलें. पाया म्हणून त्याला भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे लागतील. त्यांच्या क्रमवारींत लातूर ‘५६ बी’ ह्या चौकटींत येतें आणि नांदेड ‘५६ ई’ मध्यें. पाऊस हवामानशास्त्र विभागाकडे. खडक भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, आणि तो थर वगळून चालणार नाहीं, कारण लातूरखालीं काळा बेसॉल्ट पसरला आहे, तर नांदेडच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूस, ग्रॅनाइट वर येतो. दोहोंत पाणी मुरण्याची तऱ्हा निराळी. विहिरींच्या पातळ्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे व केंद्रीय भूजल मंडळाकडे. उपग्रहाचीं चित्रें हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे. गांवांच्या शिवा भूमि अभिलेख खात्याकडे. इतकें झाल्यावर बिदर आणि तेलंगणाचा भाग राहतोच, आणि तेथें हींच दारें दुसऱ्या दोन राज्यांत पुन्हा ठोठवावीं लागतात. ह्या प्रत्येक दारावर ‘आमची माहिती अशा अटींवर वापरावी’ असा कागद लावलेला असूं शकतो. ह्या कागदास परवाना म्हणतात.

परवाना हवाच कशाला, असें विचारणारे पुष्कळ असतात. डोंगर कोणाच्या मालकीचा नाहीं, मग डोंगराची उंची कोणाच्या मालकीची कशी असेल ? ह्या शंकेंत तथ्य आहे. कायदाही नुसत्या वस्तुस्थितीवर स्वामित्व मानीत नाहीं. किल्लारी अमुक अक्षांशावर आहे हें सत्य कोणीही सांगावें. परंतु भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानें नकाशास चित्रासारखी कलात्मक कृति मानलें आहे, आणि माहितीच्या संकलनास, संगणकांतील संचासह, वाङ्मयकृतींत गणलें आहे. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींविषयींच्या एका खटल्यांत असें ठरविलें कीं, संकलनावर हक्क सांगावयाचा तर केवळ श्रम आणि पैसा खर्चिला एवढें पुरत नाहीं. निवडींत व मांडणींत कांहीं कौशल्य आणि विचार दिसला पाहिजे. युरोपांत १९९६ पासून निव्वळ खर्चिक संकलनासही निराळा हक्क आहे. भारतांत तो नाहीं. तेव्हां एखादा माहितीसंच कायद्याच्या रेषेच्या अलीकडे कीं पलीकडे हें न्यायालयांत गेल्यावांचून निश्चयानें सांगणें कठीण. भीति उत्पन्न होते ती येथें. शहाणा अध्यापक न्यायालयांत जात नाहीं. तो नकाशाचें काम सोडून देतो. अमेरिकेंत संघसरकारच्या कृतींवर त्या देशाच्या कायद्यानें स्वामित्वहक्कच नाहीं, म्हणून तेथील सरकारी नकाशे वापरणाऱ्यास ही भीति नाहीं. भारतांत सरकारी कृतीवरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें टिकतो. म्हणून स्पष्ट शब्दांत दिलेली परवानगी हीच मनुष्यास मोकळें करते.

पाहावयास मिळणें आणि वापरावयास मिळणें ह्या दोन गोष्टी येथें निराळ्या ओळखल्या पाहिजेत. महाराष्ट्रांत सात-बाराचा उतारा संगणकावर कोणासही विनामूल्य पाहतां येतो. परंतु ती प्रत कायदेशीर कामास चालत नाहीं, त्यासाठीं शुल्क भरून स्वाक्षरीची प्रत घ्यावी लागते. हा भेद शेतकऱ्यास पक्का ठाऊक आहे. नकाशांच्या बाबतींत मात्र सुशिक्षित मनुष्यही ‘दिसतें आहे म्हणजे आपलेंच’ असें समजून चालतो.

आतां अटींकडे वळावें. एक खातें म्हणतें, आमचें नांव लिहा म्हणजे झालें. दुसरें म्हणतें, नफ्यासाठीं वापरूं नका. तिसरें म्हणतें, वापरा, परंतु बदल करूं नका. चौथ्याची अट अशी कीं, ह्या माहितीवरून जें नवें कराल तेंही ह्याच अटींवर सर्वांस द्या. पांचवें कांहींच म्हणत नाहीं. आणि तेंच सर्वांत वाईट, कारण कायद्याच्या दृष्टीनें मौन म्हणजे परवानगी नव्हे.

यांपैकीं प्रत्येक अट एकटी घेतली तर समंजस वाटते. पंचाईत होते ती त्या एकत्र येतात तेव्हां. नफ्याची मनाई असलेला विहिरींचा थर अध्यापकानें घेतला आणि छपाईचा खर्च निघावा म्हणून नकाशाच्या प्रतीस किंमत लावली, तर तो व्यापार झाला काय ? विंधन विहिरी खोदणाऱ्या ठेकेदारानें तो नकाशा विकत घेतला तर ? त्यानें अज्ञानानें चार ठिकाणीं कोरडे बोअर मारण्यापेक्षां नकाशा पाहून एका ठिकाणीं खोदावें, हें लोकहिताचें नव्हे काय ? आणि वर्तमानपत्रानें जाहिरातींच्या पानाशेजारीं तो नकाशा छापला तर ? ‘व्यापारी’ ह्या एका शब्दांत इतके वाद दडलेले आहेत. बदलाची मनाई तर नकाशास मुळींच मानवत नाहीं. एका थरावर दुसरा ठेवणें हाच बदल. चौथी अट दिसावयास सर्वांत उदार. परंतु दोन निरनिराळ्या संस्थांनीं प्रत्येकीं ‘माझ्याच अटींवर द्या’ असें म्हटलें, तर त्यांचे दोन थर एकत्र करून वांटणें अशक्य होतें, कारण एकाच नकाशावर दोन ‘माझ्याच’ अटी पाळतां येत नाहींत. दोन्ही उदार, आणि दोघांच्या औदार्याची बेरीज शून्य.

म्हणून जगांत गेलीं वीस-पंचवीस वर्षें परवान्यांचें प्रमाणीकरण चाललें आहे. प्रत्येक खात्यानें आपल्या वकिलाकडून नवा कागद लिहवून घेण्याऐवजीं, सर्वांनीं तयार, तपासलेल्या चार-दोन परवान्यांतून एक निवडावा, ही ती कल्पना. २००२ सालीं ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नांवाचे तयार परवाने निघाले. ते प्रथम लेख, चित्रें, संगीत यांकरितां होते. माहितीसंचांचा नीट विचार त्यांच्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तींत झाला. मधल्या काळांत खास माहितीसंचांसाठीं दुसरा एक परवाना तयार झाला. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनीं मिळून केलेला जगाचा नकाशा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाला, तो पहिल्या जातीच्या परवान्यावर. तो परवाना माहितीस नीट लागू पडत नाहीं हें पुढें ध्यानांत आलें आणि २०१२ सालीं त्यांनीं दुसरा स्वीकारला. परंतु त्यासाठीं प्रत्येक सहभागी मनुष्याची संमति घ्यावी लागली. ज्यांची मिळाली नाहीं त्यांनीं काढलेले रस्ते व वस्त्या नकाशांतून पुसून टाकाव्या लागल्या. ऑस्ट्रेलिया आणि पोलंड येथें ही झीज विशेष झाली. रूळ आधीं टाकून माप मागाहून बदलणें किती महाग पडतें, हें बार्शी लाइटच्या मार्गावर राहणारांस निराळें सांगावयास नको.

भारतांतील कथा अधिक जुनी आहे. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. त्याचा जन्मच लष्करी गरजेंतून झाला, म्हणून नकाशा ही जपून ठेवावयाची वस्तु अशी वृत्ति त्यांत मुरली. ती सर्वस्वीं चुकीची होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु सीमेपासून शेंकडों मैल दूर असलेल्या नांदेडच्या ओढ्यालाही तीच वृत्ति लागू झाली, हें जरा अतिच होय. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें लष्करासाठीं एक आणि जनतेसाठीं एक अशा नकाशांच्या दोन मालिका केल्या. २०१२ सालीं केंद्र सरकारनें सार्वजनिक पैशानें गोळा केलेली माहिती जनतेस खुली करण्याचें धोरण जाहीर केलें आणि त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. माल फलाटावर आला. परंतु कोणत्या अटींवर न्यावा हें कोठेंच स्पष्ट नव्हतें, आणि हा घोळ जवळजवळ पांच वर्षें चालला.

२०१७ च्या फेब्रुवारींत तो मिटला. केंद्र सरकारनें राजपत्रांत ‘शासकीय मुक्त माहिती परवाना’ प्रसिद्ध केला. त्याचा आशय थोडक्यांत असा : ह्या परवान्याखालीं दिलेली माहिती जगांत कोणीही, विनामूल्य, वापरावी, बदलावी, भाषांतरित करावी, तिच्यांत भर घालावी, प्रसिद्ध करावी, हेतु व्यापारी असो वा नसो, तो कायदेशीर असला म्हणजे पुरे. मोबदल्यांत माहिती कोणाची, कोठून घेतली आणि कोणत्या परवान्यावर घेतली हें लिहावें. आपल्या कृतीस सरकारची मान्यता आहे असें भासवूं नये. माहिती चुकीची निघाल्यास देणाऱ्यावर जबाबदारी नाहीं, आणि ती पुढेंही मिळत राहील अशी हमी नाहीं. वैयक्तिक माहिती, गोपनीय ठरविलेली माहिती, सरकारी बोधचिन्हें, लष्करी चिन्हें, ओळखपत्रें, तसेंच माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें वगळलेली माहिती ह्यांत येत नाहीं. पूर्वींच्या अनिश्चिततेच्या मानानें ही भाषा फारच सुबोध आहे. नफ्याची मनाई नाहीं आणि ‘माझ्याच अटींवर द्या’ हा आग्रह नाहीं, हें तिचें खरें मोल. कारण त्यामुळें हा थर दुसऱ्या बहुतेक थरांशीं जुळतो.

ह्यावर आक्षेप नाहींत असें नाहीं. कांहीं खातीं नकाशांच्या विक्रींतून आपला खर्च काढीत आलीं आहेत. फुकट द्यावयाचें तर पुढच्या मोजणीचा पैसा कोठून यावयाचा, असें तीं विचारतात. प्रश्न खरा आहे. ब्रिटनच्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’नें २०१० सालीं आपली कांहीं माहिती मोकळी केली आणि कांहीं विक्रीस राखली, हा मध्यममार्ग होय. परंतु मांजऱ्याच्या खोऱ्यांत पाण्याची गाडी आणावी लागते तेव्हां तिचा खर्च कोणत्या खात्याच्या वहींत पडतो, हेंही त्या हिशेबांत धरावयास पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चुकीची किंवा जुनी माहिती मोकळी सोडली तर अनर्थ होणार नाहीं काय ? लातूरकरांस हा प्रश्न नीट कळेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या रात्रीं, लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. पुनर्वसनांत बावन्न गांवें नव्या जागीं उठून गेलीं. किल्लारी, सास्तूर हीं नांवें तींच राहिलीं, जागा बदलल्या. त्यापूर्वींच्या नकाशावर विसंबून कोणी मदतीची गाडी धाडली, तर ती ओसाड चौथऱ्यांपाशीं जाऊन उभी राहील. म्हणून माहितीबरोबर ती कोणत्या सालची हें सांगणें अगत्याचें आहे. परंतु ह्याच उदाहरणाची दुसरी बाजू अशी कीं, नकाशा जुना झाला हें गांवच्या शिक्षकास सर्वांत आधीं कळतें. आणि बदलाची मनाई असेल तर तो चूक दुरुस्त करून तो नकाशा पुन्हा छापूं शकत नाहीं. बंद ठेवलेली माहिती चुकत नाहीं असें नाहीं. तिची चूक दिसत नाहीं, इतकेंच.

खाजगी गोष्टींचें तसें नाहीं. कोणत्या घरीं कोणता रोगी आहे, कोणाच्या शेतावर किती कर्ज आहे, हेंही स्थळाशीं जोडलेलेंच असतें. तें मोकळें करण्याचें कारण नाहीं, आणि २०१७ च्या परवान्यानें तें वगळलें हें योग्यच झालें.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजीं केंद्रानें आणखी एक पाऊल टाकलें. भारतीय नागरिकांस व संस्थांस नकाशे तयार करण्यासाठीं आणि प्रसिद्ध करण्यासाठीं पूर्वपरवानगीची आवश्यकता राहिली नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलें. म्हणजे नकाशा काढण्याचा दरवाजा पुष्कळसा उघडला. परंतु काढण्याची मुभा आणि दुसऱ्याची माहिती वापरण्याचा परवाना ह्या दोन गोष्टी आहेत. शिवाय केंद्राचा परवाना केंद्राच्या खात्यांपुरता आहे. तो राज्यांच्या माहितीस आपोआप लागू होत नाहीं. गांवाची शीव, सात-बारा, धरणाची रोजची पातळी, हें सारें राज्यांकडे. मांजऱ्याचे तर तीन धनी.

पाण्याच्या वांटपांत हें अंतर कसें बोंचतें तें नांदेड जिल्ह्यानें पाहिलें आहे. धर्माबाद तालुक्यांतील बाभळीचा बंधारा खालच्या पोचमपाड धरणाच्या फुगवट्यांत येतो म्हणून दोन राज्यांत वर्षानुवर्षें तंटा झाला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बंधाऱ्यास मान्यता दिली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारें उघडीं ठेवावीं, १ मार्च रोजीं शून्य दशांश सहा अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, असें ठरविलें आणि देखरेखीस केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्यें यांच्या प्रतिनिधींची त्रिसदस्य समिति नेमली. दोन पक्षांनीं एकच माप मान्य करावें ह्यासाठीं देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावें लागलें.

लातूरच्या त्या अध्यापकाचें काम तीन राज्यांनीं एकच परवाना स्वीकारल्यास कसें होईल, हें सहज सांगतां येतें. नकाशाच्या खालच्या कडेस तो बारीक अक्षरांत एक ओळ लिहील : पाऊस अमक्या खात्याचा, सालासह, खडक तमक्याचा, विहिरी अमक्या यंत्रणेच्या, परवाना सर्वांचा तोच. मग तो नकाशा उदगीरच्या ग्रामसेवकास, बिदरच्या अभियंत्यास आणि बिलोलीच्या शेतकऱ्यास एकाच दिवशीं धाडतां येईल. आज त्या ओळीच्या जागीं परवानगीच्या अर्जांची फाइल असते, आणि तिच्यांतील निम्म्या पत्रांना उत्तरें यावयाचीं असतात.